मोठ्यांना लशीचं कोण विचारतं?

बाळाच्या लसीकरणाचं कार्ड मराठी घरात जपून ठेवलेलं असतं, बहुधा जन्मदाखला आणि रेशनकार्डाच्याच पिशवीत. त्याच घरातले आजोबा पंधरा वर्षं शुगरच्या गोळ्या घेत असतात, मध्ये कधी तरी त्यांना स्टेंटही बसलेली असते. पण शेवटची लस कोणती टोचली असं विचारलं तर उत्तर कोविडपाशी येऊन थांबतं. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत ४५ वर्षांवरच्या लोकांपैकी फ्लूची लस घेतलेले जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास निघाले. या आकड्यावर सहसा एकच इलाज सुचवला जातो, तो म्हणजे जनजागृती. पोस्टर लावा, रेडिओवर जाहिरात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर माहिती फिरवा. मला मांडायचं आहे ते थोडं निराळं. प्रौढ माणूस फ्लूची लस घेतो की नाही, हे त्याला किती माहिती आहे यापेक्षा नेहमीच्या दवाखान्यातल्या दोन मिनिटांत त्याला कोणी काही म्हटलं का, यावर जास्त ठरतं. आणि आपल्याकडे ती दोन मिनिटं या बाबतीत जवळजवळ कायम कोरी जातात.

माहिती कमी पडते, हे गृहीतक तपासून पाहायला पुण्यासारखं शहर नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा-कॉलेजं बंद झाली, मास्क मिळेनासे झाले आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयात रांगा लागल्या. विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही ही राष्ट्रीय संस्था १९५२ पासून याच शहरात आहे. त्या साथीवरची नाकात फवारायची लस २०१० मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणली. म्हणजे भीती, प्रयोगशाळा आणि कारखाना, तिन्ही गोष्टी पुणेकराच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होत्या. तो विषाणू पुढे नाहीसाही झाला नाही. एच१एन१ या नावाने तो आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा एक नेहमीचा भाग झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याच्यावरचा घटक असतो. तरीही पुण्यातल्या मधुमेहींना ही लस घेण्याची सवय लागली असं काही झालं नाही. सुईचं वावडं म्हणावं, तर तेही पटत नाही. जुलै २०२२ पर्यंत देशात कोविड लशीच्या २०० कोटी मात्रा दिल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक प्रौढांच्या दंडात. त्यामागे भीती होती, मुंबईच्या लोकलसाठी दोन मात्रांची अटही होती, हे मान्य. पण त्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. जवळच्या शाळेत किंवा आरोग्य केंद्रात लस आलेली होती आणि ‘तुमचं झालं का?’ असं विचारायला आशाताईपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कोणी ना कोणी हजर होतं.

नुसती माहिती देऊन काय होतं, याचा अमेरिकेत थेट प्रयोग झाला आहे. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. फ्लूच्या लशीमुळेच फ्लू होतो असं मानणारे अमेरिकेत ४३ टक्के निघाले. त्यांना अधिकृत आरोग्य संस्थेचा खुलासा वाचायला दिल्यावर हा समज खरोखरच कमी झाला. इथवर जनजागृतीवाल्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. पण ज्यांना दुष्परिणामांची आधीपासूनच जास्त धास्ती होती, त्यांची लस घेण्याची तयारी खुलासा वाचल्यावर आणखी कमी झाली. गैरसमज गेला आणि त्याबरोबर लसही गेली. एका कारणाचा आधार काढून घेतला की मन दुसरं कारण शोधतं, असा त्याचा अर्थ लावता येतो. निष्कर्ष एवढाच की डोक्यातली माहिती दुरुस्त केल्याने दंड आपोआप पुढे येत नाही.

आता याच्या उलट प्रकारचे प्रयोग पाहू, जिथे माहिती कोणी वाढवली नाही, फक्त विचारण्याची रीत बदलली. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला कळवलं की लस मोफत आहे, हवी असेल तर इथे वेळ घ्या. दुसऱ्याला कळवलं की तुमच्यासाठी अमुक दिवशी अमुक वाजता वेळ ठेवली आहे, नको असेल तर रद्द करा. पहिल्या गटातल्या ३३ टक्क्यांनी लस घेतली, दुसऱ्यातल्या ४५ टक्क्यांनी. लस दोघांनाही फुकट होती, रद्द करणं हाताशी होतं आणि कोणाच्याही ज्ञानात काडीची भर पडलेली नव्हती. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या दोन आरोग्यसेवांनी ४७ हजारांहून अधिक रुग्णांना, त्यांच्या डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटीआधी, १९ वेगवेगळ्या तऱ्हांचे संदेश मोबाइलवर पाठवून पाहिले. त्यांत विनोद होते, कोडी होती, भावनेला हात घालणारे मजकूरही होते. सरस ठरला तो सगळ्यांत नीरस संदेश: तुमच्यासाठी फ्लूची लस राखून ठेवली आहे. संशोधकांचं निरीक्षण असं की, दवाखान्याकडून जशा भाषेची अपेक्षा असते तशा साध्या, औपचारिक भाषेतले संदेश जास्त चालले. जाहिरात कंपन्यांनी यातून काय शिकावं ते त्यांनी ठरवावं.

हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. त्या १९ संदेशांनी लसीकरण सरासरी ५ टक्क्यांनी वाढवलं आणि सर्वांत चांगल्या संदेशाने ११ टक्क्यांनी. तेही मुळातल्या प्रमाणाच्या ५ आणि ११ टक्के. शिवाय हे सगळं भेटीची वेळ ठरवून येणाऱ्या, संगणकात नोंद असलेल्या अमेरिकी रुग्णांचं. आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यात वेळ घेऊन कोणी येत नाही आणि आलेला मेसेज न वाचता पुसला जातो. तेव्हा संदेशाची नक्कल करून फारसं काही हाती लागणार नाही. घेण्यासारखं आहे ते दुसऱ्या एका अभ्यासात. त्याच पेनसिल्व्हेनियातल्या ११ दवाखान्यांच्या नोंदींत दिसलं की सकाळी आठ वाजता आलेल्या पात्र रुग्णांपैकी ४४ टक्क्यांना फ्लूची लस मिळाली, दुपारी चारला आलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनाच. सकाळचे रुग्ण दुपारच्या रुग्णांपेक्षा शहाणे असतात, असं काही नाही. दिवस चढत जातो तसे डॉक्टर आणि कर्मचारी दमतात, रुग्ण तुंबतात आणि जे विचारलं नाही तरी आज चालून जाईल ते विचारायचं राहून जातं. पुढे काही दवाखान्यांत संगणकावर आठवण करून देणारा प्रश्न बसवला, तेव्हा सगळ्याच वेळांचं प्रमाण वाढलं. दुपारची उतरण मात्र तशीच राहिली. लस न घेण्याचं खापर आपण रुग्णाच्या मनावर फोडतो, तेव्हा दवाखान्याचा हा थकवा आपल्या नजरेतून सुटतो.

पण विचारायचं कशासाठी? लस पुरेशी चांगली आहे का? इथे अनेक प्रचारपत्रकं सैल बोलतात आणि वाचकाचा विश्वास गमावतात, म्हणून जरा थांबून पाहू. लशीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू जुळले, त्या वर्षी डॉक्टरांकडे जावं लागेल अशा फ्लूची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. नाही जुळले तर त्याहून कमी. गोवराच्या लशीशी तिची तुलना होऊच शकत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा धडधाकट प्रौढांमध्ये एका हंगामात फ्लू होण्याचं प्रमाण लशीशिवाय २.३ टक्के आणि लशीसह ०.९ टक्के आढळलं. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना टोचावं लागतं. वृद्धांमध्ये हीच संख्या ३० च्या घरात येते. पस्तिशीतल्या निरोगी माणसाने हे वाचून ‘मग राहू दे’ म्हटलं, तर त्याला अडाणी म्हणायचं कारण नाही. त्याने लस घेतली तर बरंच. पण माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपली मोजकी मिनिटं त्याच्यावर खर्च करू नयेत.

ती मिनिटं ज्यांच्यावर खर्चावीत त्यांचं चित्र वेगळं आहे. फ्लू फुप्फुसापुरता राहत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात, प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट दिसला. शरीरात उसळलेला दाह रक्तवाहिनीतला कच्चा थर फोडतो, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि ज्वराने हृदयावरचा भार वाढतो, अशी त्याची संगती लावली जाते. मग लशीने झटका टळतो का? ‘आयएएमआय’ नावाच्या चाचणीत आठ देशांतल्या अडीच हजारांवर रुग्णांना, बहुतेकांना झटका आल्यानंतर तीन दिवसांच्या आत, लस किंवा नुसतं सलाइन टोचलं गेलं. बांगलादेशही या देशांत होता. वर्षभरात सलाइनच्या गटातले ४.९ टक्के दगावले, लशीच्या गटातले २.९ टक्के. कोविडमुळे ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर आटोपावी लागली, तेव्हा तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांवरची दुसरी मोठी चाचणी भारतासह दहा देशांत झाली. तिच्या मुख्य कसोटीवर लशीचा फायदा संख्याशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध झाला नाही, पण लस घेतलेल्यांत न्यूमोनिया मात्र ४२ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही एकत्र वाचल्यावर दिसतं ते असं: निरोग्यांसाठी ही लस साधारण सोय आहे, आजाऱ्यांसाठी बरंच काही. जागतिक आरोग्य संघटनाही वृद्ध, दीर्घ आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि आरोग्य कर्मचारी यांना अग्रक्रम देते. गरोदरपणातल्या लशीला आणखी एक कारण आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येईल अशी फ्लूची लसच नाही. त्याला संरक्षण मिळालं तर ते आईकडूनच मिळतं.

आणि नेमकी हीच माणसं दवाखान्यात सगळ्यांत नियमित येतात. बीपीची गोळी दर महिन्याला बदलायची किंवा तीच चालू ठेवायची, शुगरचा रिपोर्ट दाखवायचा, दम्याचा पंप संपला म्हणून चिठ्ठी घ्यायची, बाळंतपणाआधीची तपासणी करायची. पोस्टरला जी माणसं शोधत फिरावं लागतं, ती डॉक्टरांसमोरच्या बाकड्यावर आधीच बसलेली असतात. कंपाउंडर त्यांना नावाने ओळखतो. २०१८ पासून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सरकारी दवाखान्यांमधून रुग्णांची नावनिशीवार नोंद ठेवून गोळ्या देण्याची पद्धत बसवली गेली. लसीकरणासाठी वेगळी यादी करायची गरज नाही, ती अशा ठिकाणी तयार आहे. त्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘फ्लू लस: दिली / नको म्हणाले / पुढच्या खेपेला’ एवढी एक ओळ छापली, तरी दुपारी चारचा थकवा काही अंशी निष्प्रभ होईल. कारण मग न विचारणंही कागदावर दिसू लागेल.

रुग्णाकडून पहिली हरकत येते ती तापाची. ‘मागच्या वेळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आजारी पडलो.’ टोचायची लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते, तिच्यातून फ्लू होणं शक्य नाही, हे खरं असलं तरी त्या माणसाचा अनुभव खोटा नसतो. मिनेआपोलिस परिसरात नोकरदार प्रौढांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना निरुपद्रवी पाणी टोचलं होतं. कोणाला काय मिळालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दंड दुखल्याची तक्रार लस घेतलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्क्यांनी केली, दुसऱ्या गटातल्या २४ टक्क्यांनी. पण अंग मोडून येणं, डोकेदुखी, थकवा, कणकण यांच्या तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच, साधारण एकतृतीयांश लोकांच्या होत्या. कुठल्याही आठवड्यात काही माणसांना बरं वाटत नसतंच. सुई त्या आठवड्यात पडली की दोष सुईला जातो. शिवाय संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि सर्दीच्या इतर विषाणूंवर या लशीचा काही इलाज नाही. डॉक्टरांनी आधीच ‘दंड दुखेल, एखाद दिवस कसकस वाटेल, सर्दी यापुढेही होईल’ असं सांगितलं तर पुढच्या वर्षीचा अर्धा वाद तिथेच मिटतो. मज्जातंतूंच्या गिया-बारे आजाराची चर्चाही अधूनमधून निघते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली, तेव्हा लाखामागे साधारण एक जादा रुग्ण दिसला आणि ती मोहीम थांबवण्यात आली. आजच्या लशींबाबत ही जोखीम असलीच तर दहा लाखांमागे एक-दोन रुग्णांची मानली जाते. ज्याला हा आजार लशीनंतर सहा आठवड्यांत कधी झाला असेल, त्याने डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

‘दरवर्षी का?’ हा प्रश्न त्याहून रास्त. फ्लूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरची प्रथिनं सतत थोडीथोडी बदलत राहतो आणि शरीरातली प्रतिपिंडंही काही महिन्यांत ओसरू लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीची नवी घटकरचना जाहीर करते. मार्च २०२० नंतर ‘बी यामागाता’ हा एक वंश जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही. त्यामुळे चार घटकांच्या लशी आता पुन्हा तिनावर येत आहेत. लशीला बदलत राहावं लागतं, हे तिच्या अपयशाचं लक्षण समजण्यापेक्षा विषाणूच्या स्वभावाचा पुरावा समजलेलं बरं.

सगळ्यांत अवघड हरकत पैशाची आहे आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. खासगी दवाखान्यात ही लस सुमारे दीड ते अडीच हजारांना पडते. नवरा-बायको दोघांची मिळून ही रक्कम दरवर्षी द्यायची, म्हणजे निवृत्तिवेतनातला मोठा घास. आणि डॉक्टर स्वतःच लस विकत असतील तर त्यांच्या शिफारशीत नफा किती आणि काळजी किती, ही शंका रुग्णाला येणारच. कट प्रॅक्टिसच्या गोष्टी ऐकलेल्या समाजात ती न आली तर नवल. इंग्लंडमध्ये हा गुंता वेगळ्या रीतीने सुटला. तिथे ६५ वर्षांवरच्या सर्वांना २००० सालापासून लस मोफत आहे. जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर आपल्या यादीतल्या पात्र रुग्णांना बोलावणं धाडतो आणि प्रत्येक टोचणीमागे त्याला सरकारकडून ठरलेलं मानधन मिळतं. रुग्णाच्या खिशाशी डॉक्टरांचा हिशेब जोडलेला नसल्यामुळे शिफारस निखळ वाटते. २०२१-२२ च्या हंगामात तिथल्या ज्येष्ठांपैकी ८२ टक्क्यांनी लस घेतली. महाराष्ट्राने २०१५ च्या मोठ्या साथीनंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सरकारी केंद्रांत मोफत लस देण्याचं पाऊल उचललं, ते देशात वेगळं होतं. पण मोफत लस शीतकपाटात पडून राहू शकते, हाच तर या प्रकरणाचा मुद्दा. क्षयरोग आणि कुपोषण समोर असताना फ्लूवर पैसा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर मर्यादित आहे. सगळ्या प्रौढांसाठी सरकारी लस मागणं आज न्याय्य ठरणार नाही. हृदयविकार, दमा, मधुमेह असलेले वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी मागणं न्याय्य ठरेल, कारण न्यूमोनियाने आयसीयूत गेलेल्या एका आजोबांचं बिल अनेक मात्रांच्या किमतीहून मोठं असतं आणि ते बहुधा कर्ज काढून भरलेलं असतं.

राहिली शंका दबावाची. ‘तुमच्यासाठी ठेवली आहे’ असं म्हणणं म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं नव्हे का? डॉक्टरांसमोर आपला रुग्ण सहसा ‘नको’ म्हणत नाही, हे खरं आहे, आणि म्हणून ही शंका इथे अमेरिकेपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. पण हाच डॉक्टर बीपीची गोळी लिहितो तेव्हा पर्यायांची यादी वाचून दाखवत नाही. आपलं मत सांगतो आणि रुग्णाच्या प्रश्नांसाठी थांबतो. लशीलाही तेवढंच लागतं. ‘काका, तुमची अँजिओप्लास्टी झालीय, पावसाळ्याआधी फ्लूची लस घेऊन टाकू. अमुक इतके पैसे पडतील. चालेल ना?’ यात मत आहे, किंमत आहे आणि नकाराला वाटही आहे. ‘घ्यायची तर घ्या, तुमची मर्जी’ हे वाक्य वरवर जास्त उदार वाटतं, पण त्यातून रुग्ण एवढंच ऐकतो की डॉक्टरांना ती फारशी गरजेची वाटत नाही. काकांनी नको म्हटलं, तर केसपेपरवर तशी नोंद करून पुढच्या महिन्यात पुन्हा एकदाच विचारावं. तिसऱ्यांदा विचारलं की तो तगादा होतो.

उरतो तो महिन्याचा प्रश्न, आणि तिथे महाराष्ट्राने पाश्चात्त्य वेळापत्रक उसनं घेऊन चालणार नाही. युरोप-अमेरिकेत लस ऑक्टोबरात देतात, कारण तिथला फ्लू हिवाळ्यातला. आपल्याकडच्या बहुतेक भागांत फ्लूचा मोठा भर जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो. श्रीनगरसारखी उत्तरेकडची शहरं त्याला अपवाद. म्हणून इथे एप्रिल-मे हा टोचण्याचा काळ. जानेवारी ते मार्चमध्येही आपल्याकडे साथ उसळते, २०१५ साली तशीच ती उसळली होती, आणि मेमध्ये घेतलेल्या लशीचा जोर तोवर उतरलेला असतो. तेव्हा हा मुहूर्त निर्दोष नाही, पण त्यातल्या त्यात बरा आहे. मे महिन्यात हाती पडणारी ताजी लस सहसा दक्षिण गोलार्धासाठीच्या घटकरचनेची असते, तर औषध दुकानाच्या फ्रीजमध्ये मागच्या हिवाळ्यातला उत्तर गोलार्धाचा साठाही मुदत संपण्याच्या बेताला उरलेला असू शकतो. खोक्यावर गोलार्ध, वर्ष आणि मुदत, तिन्ही छापलेलं असतं. डॉक्टरांनी ते टोचण्याआधी पाहावं, आणि रुग्णाने दाखवायला सांगितलं तर त्यांनी त्याचा राग मानू नये.